नेमासांच्या परसातली बदकं

रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या बेतात आला की आमच्या शेजारच्या परसदारातून भांडणाचा आवाज येई. भांडण एकतर्फी असे. एका बाजूला नेमासा, गावातले कापडाचे व्यापारी, वय साठीच्या आसपास, अंगात बंडी, डोक्यावर काळी टोपी. दुसऱ्या बाजूला दोन पांढरी बदकं.

"दिवस बुडाला ना? मंग आता खानं बंद. त्या कोंबड्याइकडं पाहा जरा. कवाच्या जाऊन बसल्या. तुमालेच काहून एवढी आग पडली पोटात?"

बदकं ऐकत नसत. नेमासा जैन. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. कोंबड्याही तो पाळतात. ऊन उतरलं की कोंबडी दाणे टाकून आडव्या बांबूवर चढून बसते आणि मग खाली मोती पसरले तरी ढुंकून पाहत नाही. यावरून नेमासांनी ठरवून टाकलं होतं की कोंबडी हा मागच्या जन्मी धर्म पाळलेला जीव आहे. बदकाचं उलट. अंधारायला लागलं की त्याला खरी भूक लागते. ओल्या मातीत चोच खुपसून ते गांडूळ, गोगलगाय, बेडकाचं पिल्लू, जे सापडेल ते गिळत सुटतं.

"एक जीव वाचोला म्या," नेमासा भिंतीवरून मला सांगत, "अन् त्यानं घंटाभरात शंभर खाल्ले. हे काई न्यायाचं नाही, मास्तर."

हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत याची मोजदाद मी लवकरच सोडून दिली. एस.टी. वेळेवर आली नाही तर ते न्यायाचं नसे, आणि वेळेवर येऊन त्यांना न घेता गेली तर त्याहून नसे. टेरिलीन आलं आणि लोकांनी धोतरं सोडली, हे न्यायाचं नव्हतं. जग हे एक मोठं कोर्ट आहे, न्यायाधीशाला डुलकी लागली आहे आणि खटला आपल्यालाच उभं राहून चालवायचा आहे, अशी त्यांची समजूत होती. मी पुस्तकात रमणारा माणूस. संतापलेली माणसं मी पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती, पण ती राज्य गेल्यामुळे नाहीतर अपमान झाल्यामुळे संतापलेली असत. कोणी पिण्याच्या पाण्यात पाय धुतले म्हणून इतका पेटलेला माणूस मी नेमासांच्या आधी पाहिला नव्हता.

आमचं गाव मालेगावहून केनवडकडे जाताना रस्त्याच्या थोडं आत. वाशिम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. काही झालं की अकोल्याकडे पाहायची रीत होती. मी हायस्कुलात मराठी शिकवायला आलो आणि नेमासांच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. घर दाखवताना मालकानं मोरी दाखवली, माळा दाखवला, तुळस दाखवली. भिंतीपलीकडच्या गोष्टीचा उल्लेख त्यानं केला नाही. तो दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता कोंबड्यानं स्वतःच केला.

जैनाच्या परसात कोंबड्या आल्या कशा, हे मला गावानं हसून सांगितलं आणि नेमासांनी चिडून. दोन्ही हकिकती जुळत होत्या, म्हणून मी त्या खऱ्या मानतो.

आठवडी बाजाराच्या दिवशी कोंबड्या विकणारे नेमासांच्या दुकानासमोरच बसत. अशाच एका बाजारी एक तांबडी कोंबडी विकणाऱ्याच्या हातातून सुटली आणि पायाला सुतळी लोंबत असताना दुकानाची पायरी चढून मांजरपाटाच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसली. मागोमाग विकणारा आला. त्याच्या मागे गिऱ्हाईक. नेमासा गादीवरून उठले नाहीत. म्हणाले, "दुकानात आलेल्याले मी बाहेर काढत नाही." आणि त्यांनी कोंबडी विकत घेतली.

यात खरं तर नवल नव्हतं. पर्युषणात कसायाच्या हातून एखादा बोकड सोडवायचा आणि पांजरापोळात पाठवून द्यायचा, हा रिवाज त्यांच्याकडे जुनाच होता. पण बोकड पांजरापोळात जातो, पावती मिळते आणि पुण्याचं काम मिटतं. कोंबडी घ्यायला कोणी तयार होईना. ती परसदारी राहिली.

बाजार हुशार असतो. पुढच्या आठवड्याला नेमासांच्या पायरीसमोर तीन कोंबडीवाले बसले. महिन्याभरात आसपासच्या दहा गावांतली लंगडी, काणी, शेपूट झडलेली, अंड्यावरून उतरलेली म्हातारी कोंबडी त्या पायरीवर मांडली जाऊ लागली, आणि विकणारे नेमासांकडे पाहत अंगठ्यावर सुरीची धार बघू लागले. नेमासांना हे कळत नव्हतं असं नाही. ते तासतासभर घासाघीस करत.

"ही काय कोंबडी हाये? हिच्यापेक्षा हिची सुतळी जाड हाये."

"मंग राहू द्या मालक. आमी कापतो घरी."

यापुढे नेमासांचं व्यापारी डोकं चालत नसे. ते कोंबडी घेत, आणि ती काखोटीला मारून घरी नेताना रस्ताभर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल बोलत.

बदकं आणली गंगारामनं. तो तळ्यावर मासे धरी. नर आणि मादी, पाय बांधलेले, उन्हात चोची वासलेल्या. आमच्या गावात तेव्हा बदक खाणारा माणूस औषधालाही नव्हता. मी नेमासांना तसं म्हणालो. इथं बदक खातं कोण?

"कोनीच नाही."

"मग घेतली कशाला?"

"गंगाराम म्हने, कोनी नाही घेतली तं मी खातो. त्यानं खाल्ली असती. मासे खानाऱ्याचा काय भरोसा?"

अशी ती वस्ती भरली, आणि इथून पुढे नेमासांच्या डोक्याला खरा ताप सुरू झाला. कारण कोंबडीला कोरडं लागतं आणि बदकाला ओलं. परसात एक दगडी डोणी होती. नेमासा तीत दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी भरत, जसं घरात पिण्यासाठी भरत तसंच. ते भरून ते वळले की बदकं आत. मग डोणीच्या काठावर पाच-सहा कोंबड्या एक पाय वर घेऊन त्या चिखलाकडे बघत उभ्या राहायच्या, एखाद्या सोवळ्या बाईनं तुडुंब धर्मशाळेकडे बघावं तशा. नेमासा पुन्हा विहिरीवर. चैत्र-वैशाखात, भर उन्हात, स्वतः.

त्यांनी मधोमध बांबूचा तट्टा घातला. इकडे कोंबड्या, तिकडे बदकं. तट्टा आठ दिवस टिकला. कोंबड्या वरून गेल्या, बदकं बाजूनं गेली, आणि मग सगळी मिळून नेमासांच्या बाजूला आली. रात्री बांबूवर कोंबड्या आणि बांबूखाली बदकं, त्यामुळे वरून जे पडायचं ते बदकांच्या पांढऱ्या पाठीवर.

"वरच्यानं खालच्यावर घान करायची," नेमासा सकाळी त्यांच्या पाठी धुताना म्हणत, "अन् वर बसून सकाळी सगळ्यात आधी वरडायचं. हे तं अगदी मानसावानी झालं."

अंड्यांबद्दल माझी स्वतःची तक्रार होती आणि ती आजही मागे घ्यायची माझी तयारी नाही. त्या वर्षी माझी प्रकृती उतरली होती आणि डॉक्टरनं रोज एक अंडं सांगितलं होतं. गावात अंडं मिळायची मारामार, आणि माझ्या भिंतीपलीकडे ती गवतात पडलेली. नेमासांचा नियम असा की अंडं उचलायचं नाही, विकायचं नाही, फोडायचं नाही. मग त्याचं होतं काय? थोडी कोंबड्या उबवत. बाकीची मुंगूस नेई. आमच्या बाजूच्या बाभळीखाली राहणारं ते मुंगूस त्या काळी तालुक्यातला सर्वांत धष्टपुष्ट जीव असावा. मी एकदा धीर करून म्हणालो, नेमासा, ते मुंगूस नेतं त्यातलं एखादं मी नेलं तर?

"मुंगूस मले इचारत नाही," ते म्हणाले. "तुमी इचारता, म्हनून नाही म्हनतो."

या उत्तरात तर्काची चूक नव्हती. म्हणूनच मला संताप आला.

एकदा एक खुडूक कोंबडी आपल्या अंड्यांबरोबर बदकाची चार अंडी पोटाखाली घेऊन बसली. एकविसाव्या दिवशी तिची पिल्लं निघाली आणि ती त्यांना घेऊन चालती झाली. बदकाच्या अंड्यांना अजून आठवडा हवा होता. नेमासांनी दुकानातलं फलालीन आणून ती अंडी गुंडाळली, चुलीच्या उबेला ठेवली, दुकान सोडून दिवसातून चार वेळा येऊन त्यांची कूस बदलली. एकही फुटलं नाही. त्या कोंबडीशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत. तिच्या लक्षात आलं असावं असं मला वाटत नाही.

हे सगळं चाले ते रिकाम्या घरात. नेमासांची पत्नी रतनबाई कारंज्याला भावाकडे राहत होत्या, माझ्या येण्याआधीपासून. पहिली तांबडी कोंबडी त्यांनी सहन केली होती. दुसरी, तिसरीही. मग एके दिवशी एका कोंबडीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अंडं घातलं. रतनबाई रोज मंदिरात जाणाऱ्या, व्रतं-उपवास करणाऱ्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. सकाळच्या गाडीनं निघाल्या आणि गाडीत चढताना एवढंच म्हणाल्या, "हे परस रिकामं झालं का मी येईन."

त्याला दोन वर्षं झाली होती. समाजातली चार वजनदार माणसं येऊन नेमासांना समजावून गेली. नेमासांनी त्यांना एकच विचारलं, "कोनाच्या हाती देऊ ते सांगा. ज्याले देईन थो कापन." वजनदार माणसं कोणाचंही नाव न सांगता उठली. त्यानंतर त्यांच्यातलं कोणी त्या घरचं पाणी प्यायलं नाही. कोंबड्या द्याव्यात तर त्या सुरीखाली जाणार, ठेवाव्यात तर बायको येणार नाही. नेमासा दिवस असताना स्वतःपुरती खिचडी शिजवून खात, भांडं घासत, आणि मग उरलेला राग घेऊन परसात येत.

अशा माणसाच्या दारात सरकारची जीप येऊन उभी राहिली.

आदल्या वर्षी एका योजनेखाली गावात घरटी दहा-दहा पांढरी विलायती पिल्लं वाटली गेली होती. वाटताना फोटो काढला होता. पुढे निम्मी मानमोडीच्या साथीनं गेली आणि उरलेली पाहुण्यांनी नेली, म्हणजे पोटातून. आता पशुसंवर्धन खात्याचे साहेब प्रगती पाहायला आले. काळा चष्मा, कडक इस्त्री, हातात छापील पुस्तिका. सरपंचांना घाम फुटला. त्यांनी सरळ साहेबांना नेमासांच्या परसात आणलं. त्यांचंही बरोबर होतं. सबंध गावात जिवंत कोंबड्या एकाच घरी होत्या, कारण त्या एकाच घरी त्या कोणी खात नव्हतं.

साहेब हरखले. "वा, वा. याला म्हणतात जिद्द." मग त्यांना डोणी दिसली. "मात्र बदकं वेगळी ठेवा बरं का. पुस्तिकेत स्पष्ट आहे, कोंबड्या आणि बदकं एकत्र पाळू नयेत."

"त्याइले वाचून दाखवा," नेमासा म्हणाले. "माहं तं ऐकत नाही."

"आम्ही दिलेली पांढरी जात कुठे आहे?"

एक होती. कोणीतरी योजनेत मिळालेली कोंबडी बाजारात आणली होती, ती नेमासांनीच सोडवली होती. तिला एकच डोळा होता. साहेबांनी तिची चांगली बाजू कॅमेऱ्याकडे वळवून घेतली. "रोजची अंडी किती?"

"मले काय मालूम? मुंगसाले इचारा."

साहेब हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी सरपंच कागद घेऊन आले. नेमासा आदर्श कुक्कुटपालक म्हणून निवडले गेले होते. शाळेच्या मैदानावर सत्कार, प्रमाणपत्र, अकोल्याहून एक मोठे पुढारी येणार. तो कागद हातात धरून नेमासा माझ्याकडे आले.

"मास्तर, हे पेपरात येईन काय?"

"येणारच. पुढाऱ्याचा फोटो आहे म्हटल्यावर येतं."

"कारंजाले जाते काय थो पेपर?"

जातो हे त्यांनाही माहीत होतं. कोंबड्या सोडवल्या, एवढं रतनबाई कधीतरी समजून घेतील अशी आशा त्यांनी धरली असेल. पण नवऱ्यानं अंड्यांचं उत्पादन काढलं आणि त्याबद्दल हार घालून घेतला, हे भावाच्या ओसरीवर चारचौघांत वाचलं गेल्यावर त्या पुन्हा या गावची गाडी कशाला धरतील?

आम्ही दोघांनी मिळून नकाराचं पत्र लिहिलं. मी त्यात माझं चांगलं मराठी घातलं. साहेबांचा निरोप सरपंचांकरवी आला की यादी वर गेली आहे, आता काही करता येत नाही. आपल्या देशात देव वरून खाली येतो असं सांगतात. यादी आल्याचं मी ऐकलेलं नाही.

समारंभाच्या दिवशी सकाळीच सरपंच दोन माणसं आणि एक मोठी डालगी घेऊन परसाच्या फाटकाशी आले.

"नेमासा, चार कोंबडे लागतात. पाहुन्याइचं जेवन हाये. साहेब म्हनून राह्यले का आदर्श मानसाच्या घरचेच पाहिजे."

नेमासांनी आतून स्टूल आणलं आणि फाटकात ठेवून त्यावर बसले.

"मले उचला. मंग जा आत."

"असं काय करता? गावाच्या इज्जतीचा सवाल हाये."

"गावाची इज्जत एवढी बारकी कवा झाली, का कोंबड्याच्या तंगडीत मावून राह्यली?"

"दोन वर्सं झाले, गाव हा वास घेऊन राह्यलं," सरपंचांचा आवाज चढला. "कोनी काई बोललं काय तुमाले? एका दिवसासाठी गावाच्या कामी पडत नाही तुमी."

"वास घ्या ना. फुकट हाये."

डालगीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला उचलून बाजूला ठेवायला दोघेही तयार नव्हते. तासाभरानं ते रिकामी डालगी घेऊन गेले. पुढाऱ्यांनी त्या दिवशी वांग्याची भाजी आणि बेसन खाल्लं. नंतर भाषणात त्यांनी साध्या राहणीचं कौतुक केलं ते त्यामुळेच असावं.

नेमासा समारंभाला येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले. धुतलेलं धोतर, वर कोट. "नाही गेलो तं माह्या नावानं दुसराच कोनी घेऊन घेईन," असं म्हणाले.

पुढाऱ्यांनी देशाला प्रथिनांची किती गरज आहे ते सांगितलं. त्यांना ते आदल्या दिवशी कळलं असावं. साहेबांनी नेमासांच्या परसातल्या अंड्यांचा आकडा सांगितला आणि लोकांनी माना वळवून नेमासांकडे पाहिलं. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. हार पडला. साहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं, तेव्हा नेमासांनी ते न घेता ध्वनिक्षेपकाची काठी धरली. त्यांना ती कुठे धरायची माहीत नव्हतं, त्यामुळे आवाज कधी सगळ्या गावात जाई, कधी पहिल्या रांगेपर्यंतच.

"मी कोंबड्या पाळत नाही," ते म्हणाले. "हे खोटं हाये. माह्या घरी अंडे द्याले कोनी येत नाही. म्हातारं व्हाले येते. हे साहेब आकडा सांगून राह्यले थो कोठून आनला, त्याइले मालूम. हे काई न्यायाचं नाही."

साहेब प्रमाणपत्र तसंच पुढे धरून हसत उभे होते. फोटोग्राफरला अजून फोटो मिळाला नव्हता.

"माही बायको दोन वर्सं झाले कारंजाले जाऊन बसली. तिनं मले एकच गोठ मांगतली, का परस रिकामं करा. जन्मात दुसरं काई मांगतलं नाही तिनं. तिचा हक्क होता. तिच्यासाठी म्या कोंबड्या नाही देल्या." इथं आवाज बारीक झाला, काठीमुळे की कशामुळे ते मला सांगता येणार नाही. "तिले नाही देल्या, अन् तुमाले देऊ काय? या कागदासाठी?"

ते मंचावरून उतरले, हार गळ्यातच राहिला, आणि तसेच घराकडे चालू लागले. लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाही हे समजेना. पुढाऱ्यांनी वाजवल्या म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या.

आठ दिवसांनी पेपर आला. श्री. नेमासा यांनी भावपूर्ण शब्दांत सत्काराबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, असं त्यात होतं. आकडाही होता. फोटो पुढाऱ्यांचा आणि एका डोळ्याच्या कोंबडीचा. मी भडकलो. वर्गातून घरी येऊन संपादकांना चार पानी पत्र लिहिलं. सत्य, वृत्तपत्रं आणि लोकशाही यांवर त्यात काही चांगली वाक्यं होती. ते छापलं गेलं नाही. नेमासांनी मात्र बातमी वाचली आणि पेपरची घडी घातली. मी आल्यापासून पहिल्यांदा भिंतीपलीकडे शांतता होती आणि मला वाचनात लक्ष लागेना.

त्या रविवारी दुपारी ते कोरं आंतरदेशीय पत्र घेऊन आले.

"मास्तर, एक पत्र लिहाचं हाये."

मी पेन उघडलं. "संपादकाला आता जरा कडकच लिहू."

"पेपरले नाही. कारंजाले."

मला नवल वाटलं. नेमासांचं अक्षर मोत्यासारखं होतं, माझ्याहून कितीतरी सुबक. मी तसं म्हणालो.

"तिनं माहं अक्षर पाह्यलं का पत्र फोडत नाही," ते म्हणाले. "तशीच ठेवून देते. तिचा भाऊ भेटला होता मालेगावले. म्हने फडताळात गठ्ठा हाये." त्यांनी कोरं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "दर सोमवारी टाकतो मी. तुमच्या हातचं असंन तं फोडन, असं वाटते."

मी रतनबाईंचा पत्ता आणि मागे पाठवणारा म्हणून माझा पत्ता लिहिला आणि आता बातमीचा खुलासा येईल म्हणून वाट पाहू लागलो. नेमासा माझ्या खिडकीतून बाहेर बघत सांगत गेले आणि मी ते लेखी मराठीत उतरवत गेलो. बदकाची मादी परवा दुपारी गेली. मी जवळ होतो. कानात णमोकार मंत्र म्हटला. फार त्रास झाला नाही. नर मागे राहिला आहे.

"पुढे?"

"झालं."

"अहो, सत्काराचं? ते सगळं खोटं आहे, हे लिहायला नको?"

"ते कायले? मी काय बोललो असंन ते तिले मालूम हाये." ते उठले. "बदक गेलं ते मालूम नसंन."

दहा-बारा दिवसांनी माझ्या पत्त्यावर एक कार्ड आलं. अक्षर बायकी, ठसठशीत. मजकूर इतकाच होता: मास्तरांस नमस्कार. आपले पत्र पावले. त्यांना विचारावे, मागे राहिलेले बदक एकटे कसे राहते. कळवावे. रतन.

मी कार्ड घेऊन तसाच परसात गेलो. नेमासा पालथ्या टोपलीवर बसले होते आणि त्यांच्या ओंजळीत ज्वारी होती. बदक त्यांच्या गुडघ्याशी उभं राहून ती ज्वारी भराभर खात होतं. मी कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"उत्तर आताच लिहता काय?" त्यांनी विचारलं.

माझ्या खिशात एक कोरं कार्ड होतंच. मी पेन काढलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

"लिहा, का खात नाही."

मी बदकाकडे पाहिलं. ओंजळ निम्मी झाली होती.

"नेमासा, खातंय की."

"लिहा ना मास्तर."

उभ्या जन्मात त्यांनी खोटं बोलल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. मीही शाळेत बऱ्यापैकी खरं बोलणारा माणूस म्हणून ओळखला जाई.

"चार दिवसांपासून, असं घालू?"

त्यांनी विचार केला. रिकामी ओंजळ धोतराला पुसली. "दिवस नोका घालू," ते म्हणाले. "नुसतं खात नाही, असं लिहा."

मी तसं लिहिलं.